बारा चित्रांच्या कडा

११ सप्टेंबर

डॉक्टरकाका,

ही बारा चित्रं कुणी काढली आणि कुणी तांब्यावर कोरली? ग्रंथपालबाईंनी सोमवारी मला विचारलं आणि मी म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शोधलं तर?" मी पुन्हा तेच उत्तर दिलं. सूचीत तुमच्या बाकीच्या सगळ्या चित्रांपुढे चित्रकाराचं नाव आहे, कोरणाऱ्याचं आहे, बहुतेक ठिकाणी सालही आहे. या बारांपुढे मात्र दोन रकाने कोरे आहेत, आणि तुमच्या संग्रहातली सगळ्यांत देखणी चित्रं नेमकी हीच.

तुमचा फ्रेंच प्रहसनचित्रांचा संग्रह सुखरूप पोचला. ग्रंथालयाने वरच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली दिली आहे. तिथे ऊन येत नाही, पण लिफ्टही येत नाही, त्यामुळे खोकी चढवणाऱ्यांनी दर पायरीला फ्रान्स देशाचा उद्धार केला. मी रोज हात धुऊन, कोरडे करून कामाला बसते. एक चित्र उचलायचं, उजेडाकडे धरून कागदातल्या रेषा बघायच्या, लांबीरुंदी मोजायची, डाग कुठे आहेत ते लिहायचं. तांब्याच्या पत्र्याचा दाब कागदावर जिथे उमटला आहे, त्या खोलगट रेषेवरून बोट फिरवायला तुम्ही शिकवलं होतं. ते अजून करते. प्रहसनातला प्रसंग ओळखून एका वाक्यात लिहायचा, हे सगळ्यांत आवडतं काम. पडद्याआड लपलेला नवरा, ज्याचे बूट पडद्याखालून दिसतात. खोटा वैद्य, जो आजाऱ्याला सोडून त्याच्या बायकोची नाडी बघतो. धन्याच्या खुर्चीत बसून त्याचीच नक्कल करणारी मोलकरीण.

तुमची सूचना मिळाली. या बारा चित्रांपुढे "अडाणी फ्रेमवाल्याने खालचा मजकूर कापून टाकला" असं स्पष्ट छापायचं. अजून लिहिलेलं नाही. आधी बाकीचं उरकते.

डोळ्यांत औषध वेळेवर घालता ना? ताई, तुम्ही हे वाचून दाखवत असाल तर इथे थांबून तुमच्या बाबांना जरा दटावा.

तुमची
अक्कलदाढ

(ताई, दातांच्या डॉक्टरने ठेवलेलं नाव आहे. मी फ्रेंच शिकायला फार उशिरा आले आणि प्रश्न विचारून ठणका लावते, म्हणून.)


२५ सप्टेंबर

डॉक्टरकाका,

तुमचं उत्तर ताईंच्या सुबक अक्षरात मिळालं, पण आवाज तुमचाच होता. "त्या फ्रेमवाल्याबद्दल भीड बाळगू नकोस. सूची ही संशोधकांसाठी असते, नातेवाइकांसाठी नाही." खरं आहे. फक्त तो फ्रेमवाला माझा बाप आहे, आणि सूची लिहिणारी मी आहे.

'अडाणी' या शब्दापाशी माझं पेन अडलं आहे. बाबांची शाळा चौथीत सुटली, हे काही गुपित नाही. पण काच कापायचा हिरा कुठे लावायचा, कोपरा पंचेचाळीस अंशांत कसा जुळवायचा, कुठली खळ कागदाला खाते आणि कुठली सांभाळते, हे ज्याला कळतं त्याला अडाणी कसं म्हणू? तुम्हीच म्हणायचात ना, "तुझ्या बापाच्या कोपऱ्यातून सुई जाणार नाही"?

आमच्या धंद्यात चित्राखालचा मजकूर का कापतात, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलेलं दिसत नाही. लोक कॅलेंडरवरचं निसर्गचित्र घेऊन येतात. त्याखाली वाण्याचं नाव, पत्ता, फोन. गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, "ते खालचं उडवा हो, माझ्या भिंतीवर त्याची जाहिरात कशाला?" लग्नाच्या फोटोखाली स्टुडिओचा शिक्का असतो, तोही उडवतात. चित्राखाली पत्ता असेल तर कापायचा, हा आमच्या दुकानाचा नियम माझ्या जन्माआधीचा आहे.

आणि बाबांनी डोळे मिटून सुरी चालवली असंही नाही. त्यांनी आधी विचारलं होतं.

'अडाणी' काढून नुसतं "फ्रेम करताना कडा कापल्या गेल्या" असं लिहिलं तर चालेल का? खोटं काही होणार नाही.

ग्रंथपालबाईंनी तुमच्या शिफारशीची प्रत मला दाखवली. जुन्या कागदांच्या जतनाचं दोन वर्षांचं शिक्षण, तेही बाहेरगावी राहून! निवड समिती उमेदवाराचं एक छापील काम मागते. बाई म्हणाल्या, "ही सूचीच पाठव. यापेक्षा चांगलं काय असणार?" घरी सांगितलं तर आईने आधी माळ्यावर नजर टाकली. मग म्हणाली, "ट्रंक लागेल."

तुमची
अक्कलदाढ


९ ऑक्टोबर

डॉक्टरकाका,

मी चार पानं लिहिली होती. तुम्ही दोन शब्दांत उत्तर पाठवलंत.

"कुणाला विचारलं?"

मला.

ताई, हे सगळं एका दमात वाचून दाखवाल का? मध्ये थांबलात तर ते काहीतरी चांगलं बोलतील, आणि मग मला पुढचं सांगता येणार नाही.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बारा चित्रं विक्रेत्याकडून थेट आमच्या दुकानात आली. जुन्या धाटणीच्या बारा सोनेरी चौकटी तुम्ही आधीच करवून ठेवल्या होत्या. बाबांनी पहिलं चित्र चौकटीवर ठेवून पाहिलं. चित्र बरोबर बसत होतं, खालचा दोन बोटांचा मजकूर बाहेर राहत होता. चौकटींचं माप तुम्ही दिलं होतं, काका. बाबांनी हे कधी तोंडातून काढलं नाही. मीही काढणार नव्हते, पण आता सगळंच सांगायला बसले आहे.

समोर बाकावर गल्लीतला शिंपी बसला होता, स्वतःच्या लग्नाचा फोटो नव्या चौकटीत घालून घ्यायला. बाबा त्याला म्हणाले, "थांब जरा. आता आमच्या दुकानात फ्रेंच वाचणारं माणूस आहे." आणि मला हाक मारली. "बाईसाहेब, हे काय लिहिलंय बघ. माणसाचं नाव असेल तर ठेवू. चौकट दुसरी करू, डॉक्टरांना सांगू."

तुमच्याकडे शिकायला लागून मला सात महिने झाले होते. मी वाकून पाहिलं. मधली ओळ मोठ्या अक्षरांत होती, ती मला झरझर वाचता आली. अमुक रस्ता, तमुक खांब, सोनेरी पाटीचं दुकान, तिथे ही चित्रं मिळतील. मला केवढा आनंद झाला! तीनशे वर्षांपूर्वीच्या दुकानाचा पत्ता मी वाचत होते. मी मोठ्याने सांगितलं, "दुकानाचा पत्ता आहे, बाबा."

"आणि हे कोपऱ्यातलं?"

डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं होती. एकेक नाव असावं, आणि पुढे तुटके शब्द. ते फ्रेंच नव्हते. आज मला माहीत आहे की ते लॅटिन असतात. डावीकडे 'याने रेखाटलं', उजवीकडे 'याने कोरलं'. त्या दिवशी मला ते लागले नाहीत. "मला येत नाही," एवढंच म्हणायचं होतं. शिंपी तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता. बाबा बघत होते. मी म्हणाले, "काही नाही, छापखान्याच्या खुणा."

बाबांनी पट्टी ठेवली आणि सुरी ओढली. बारा वेळा.

तुम्ही विक्रेत्याला विचारलंत तेव्हा त्याच्या वहीत "जुनी फ्रेंच प्रहसनं, बारा" एवढंच होतं. म्हणजे ती नावं ज्यांच्या डोळ्यांसमोर शेवटची आली, त्यांत वाचता येणारी मी एकटी होते, आणि मी ती वाचली नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तुम्ही दुकानात आलात. "तुमच्या हातात सुरी देण्यापेक्षा उंदरांना द्यायला हवी होती," असं म्हणालात. बाबा हात जोडून म्हणाले, "माझ्या हातून झालं." मी काचेच्या उभ्या तावांमागे होते. तिथून सगळं दिसतं. तुम्हाला मी दिसत नव्हते, पण बाबांना दिसत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, तुम्हाला शंका येऊ नये म्हणून.

जाताना तुम्हाला मी दारात भेटले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "तुझा यात काही दोष नाही. मंगळवारी वेळेवर ये."

आणि मी आले. तुम्ही ताईंकडे राहायला जाईपर्यंत दोन वर्षं, दर मंगळवारी. तुमच्या टेबलाशी बसून क्रियापदं घोकली. त्याच दोन वर्षांत तुमच्या ओळखीच्या संग्राहकांनी दुकान बदललं, वस्तुसंग्रहालयाचं काम बंद झालं, आणि बाबा शाळांची प्रमाणपत्रं नि निरोपसमारंभांचे फोटो मढवायला लागले. मी पदवीधर झाले तेव्हा माझं प्रमाणपत्रही त्यांनीच मढवलं. त्याची चौकट दुकानातली सगळ्यांत चांगली आहे. मी तिच्याकडे बघत नाही.

मी आजवर का बोलले नाही, याचं एक चांगलंसं कारण लिहावं म्हणून अर्धा तास बसले. नाही सुचलं. भीती वाटत होती की तुम्ही शिकवणं बंद कराल.

तुमची


२४ ऑक्टोबर

डॉक्टरकाका,

तुमचं पत्र मी जिन्यातच उभी राहून वाचलं. तुम्ही रागावला असतात तर सोपं गेलं असतं.

तुम्ही लिहिलंत, "सात महिने शिकलेल्या मुलीला ते कळणं शक्यच नव्हतं. चूक माझ्याही मापाची होती." त्यापुढे लिहिलंत, "पण सूचीत आहे ते राहू दे. 'अडाणी' हवं तर काढ. समितीपुढे तुझंच काम जाणार आहे आणि त्यात तूच बारा चित्रं बिघडवलीस असं लिहिलं तर कोण तुझ्या हातात जुना कागद देईल? फ्रेमवाल्याला त्या सूचीने काही फरक पडत नाही. तुझं सगळं आयुष्य पुढे आहे." ताईंनी शेवटी स्वतःची एक ओळ घातली आहे: "हे लिहून घेताना माझ्या बाबांनी मला तीनदा खोडायला लावलं. त्यांचं ऐक, बाळ."

हे पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. आतापर्यंतची माझीही सगळी सांगितली. ते पुठ्ठा कापत होते, कापतच राहिले.

"डॉक्टर बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "घरात पहिली शिकलेली पोर. तिची चूक काय छापून वाटायची?"

"आणि तुमची छापायची?"

"माझी जुनी झाली. तिला आता कोण विचारतं?"

"बाबा, कोपऱ्यात नावं होती. मी खुणा म्हणाले."

"मला ठाऊक आहे."

मला वाटलं, आता सांगितलं म्हणून म्हणताहेत. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"तू त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलंस आणि चटका बसल्यासारखं उचललंस. या चित्रांतला नोकर खोटं बोलताना असाच हात मागे घेतो. ती सोंगं मी इतकी वर्षं मढवतोय. मला त्यांची भाषा येत नाही, पण हात वाचता येतात."

"मग पुन्हा विचारलं का नाही?"

"शिंपी बसला होता ना! त्याच्यासमोर नुकतीच फुशारकी मारली होती, आमच्या पोरीला फ्रेंच येतं म्हणून. आता काय म्हणू, येत नाही?" मग म्हणाले, "तुझं तोंड पडलं असतं. मला वाटलं, दोन अक्षरंच तर आहेत."

काका, मला चार वर्षं वाटत होतं की हे ओझं मी एकटीच वाहते आहे.

मग ते उठले, सदरा बदलला आणि म्हणाले, "चल, शिंप्याकडे जाऊ." का, ते वाटेत सांगितलं. जुना चिवट कागद आम्ही टाकत नाही. चौकटीच्या पाठीमागे पुठ्ठा बंद करायला त्याच्या पट्ट्या लावतो. त्या दिवशी शिंप्याच्या फोटोला त्यांनी हाताशी पडलेली पट्टी लावली होती. बाकीच्या अकरा कुठे गेल्या, ते त्यांना आठवत नाही. काही खळ पुसायला गेल्या असतील.

शिंप्याने मशीन थांबवलं. "काय? आमचं लग्न उघडून बघणार?"

बाबा म्हणाले, "मागून फक्त."

"मागून कशाला? मागे काय फ्रेंच बाई निघणार आहे माझी?"

आतून त्याची बायको म्हणाली, "निघाली तर पाठवून द्या तिच्याबरोबर. पण चौकट पहिल्यासारखी बंद करा हं. हे सगळं तीस वर्षं टिकवलंय मी."

बाबांनी ओल्या कापसाने खळ भिजवली आणि सुरीच्या बोथट बाजूने कण कण सोडवत नेली. मला हात लावू दिला नाही. पाऊण तास गेला. शिंप्याने चहा दिला, तो दोघांचाही निवला. पट्टी निघाली तेव्हा डावा कोपरा फाटलेला होता. पत्ता शाबूत होता, तोच, जो मी एवढ्या तोऱ्यात वाचला होता. उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं नाव होतं, पुरं. मी ते मोठ्याने वाचलं. बाबांनी पुन्हा वाचायला सांगितलं. शिंपी म्हणाला, "हा कोण?" बाबा म्हणाले, "कारागीर."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात कागदाची कड आणि पत्र्याच्या दाबाची रेषा जुळवून पाहिली. पट्टी खोट्या वैद्याच्या चित्राची आहे. बारांतल्या एका चित्राचा एक रकाना भरला. उरलेल्या तेवीस रकान्यांबद्दल मला आजही काही सांगता येत नाही.

तुमची
अक्कलदाढ


५ नोव्हेंबर

डॉक्टरकाका,

तुम्ही नको म्हणालात ते मी केलं आहे. ताई, म्हणून हे पत्र आधी तुम्ही एकट्याने वाचा.

सूचीतला मजकूर असा लिहिला: "क्रमांक ८७ ते ९८. चित्राखालचा मजकूर कापलेला. चौकटी चित्राच्या मापाच्या असल्यामुळे फ्रेम करणाऱ्याने तो कापण्याआधी वाचून घेतला. वाचणाऱ्या मुलीला कोपऱ्यांतली नावं लागली नाहीत आणि तिने तसं सांगितलं नाही. ती मुलगी म्हणजे प्रस्तुत सूचीची लेखिका."

हे बाबांना दाखवलं. त्यांनी प्रत्येक शब्दाखाली बोट धरून वाचलं, ओठ हलवत.

"अर्धंच लिहिलंस," ते म्हणाले.

"काय राहिलं?"

"माझं राहिलं. मला शंका आली होती."

"ते कशाला, बाबा? तुमच्या नावावरचा डाग काढायला तर मी हे लिहिलं!"

"डाग काढायला म्हणून भोक पाडू नये. लिही. शंका आली होती, पुन्हा विचारलं नाही."

आम्ही दोघं या वाक्यावरून इतके भांडलो की आई म्हणाली, "चूक आहे की वडिलार्जित जमीन? घ्या वाटून आणि जेवायला या." शेवटी वाक्य घातलं. "फ्रेम करणाऱ्याला शंका आली होती, त्याने पुन्हा विचारलं नाही." त्याखाली त्यांचं पूर्ण नाव आणि 'चौकटकार' असा हुद्दा आहे. तो शब्द मी शोधला. त्यांना जरा भारी वाटतो, पण दोनदा म्हणून पाहिला त्यांनी.

तुमच्या मापाबद्दल "चौकटी चित्राच्या मापाच्या" यापलीकडे काही लिहिलेलं नाही. माप कुणी दिलं, हे सूचीत कुठेही नाही. ते सांगायचं की नाही, हे तुमच्याकडे.

ग्रंथपालबाईंनी पान दोनदा वाचलं. "सूचीत असं कुणी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, खरं नसेल तर काढते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "समिती काय म्हणेल, ठाऊक आहे ना?" मी म्हणाले, "नाही, ठाऊक नाही." ते खरंच ठाऊक नव्हतं. बाईंनी सही केली.

बाबांनी तुमच्यासाठी निरोप दिला आहे. त्यांच्याच शब्दांत लिहिते: "डॉक्टरांना म्हणावं, डोळे सांभाळा. राग नव्हता. लाज होती, दोघांचीही." हा 'दोघां'मधला दुसरा म्हणजे मी की तुम्ही, हे मी विचारलं नाही.

मला अजून राहून राहून वाटतं की तुमची अडीच वर्षांची मेहनत मी वाया घालवते आहे. आई ट्रंकेबद्दल बोलायची थांबली आहे. शिक्षण नाही मिळालं तर इथेच ग्रंथालयात शिकाऊ म्हणून राहीन आणि संध्याकाळी दुकानात बसेन. हे मोठ्या त्यागाने म्हणत नाही. मला ते शिक्षण हवं आहे, फार हवं आहे.

सूची छापून आली. एक प्रत या पत्राबरोबर आहे. समितीची प्रत पान न बदलता, अर्जाला जोडून, काल सकाळी मी स्वतः टपालकचेरीत जाऊन रजिस्टर केली.

तुमची
अक्कलदाढ